मोर छापलेली चार तिकिटं

या, अशा जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरका, सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. आज जी गोष्ट सांगायची आहे ती देवादिकांची नाही आणि राजाराणीची तर नाहीच. राजा हिच्यात आहे, पण तो खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत आहे. गोष्ट आहे पोस्टाच्या चार तिकिटांची. नखाएवढा कागद तो, पण त्यापायी लालबागच्या एका बाईनं गिरगावच्या एका विद्वान गृहस्थांना भर मांडवात घाम फोडला. ऐकताना राग आला तर येऊ द्या. देवाच्या दारात खऱ्या रागाला मनाई नाही.

ते दिवस गुजरात-महाराष्ट्र एकत्र बांधलेल्या द्वैभाषिक राज्याचे. मुंबईसाठी रस्त्यावर माणसं पडून गेली होती, त्यांच्या बायकापोरांच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं, आणि मराठी राज्य काही हाती लागलं नव्हतं. लालबागच्या चाळीत नळावर, जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीत एकच विषय. अशा त्या वर्षी एका चाळीच्या गणेशोत्सव मंडळानं ठरवलं, की यंदाची आरास म्हणजे बाप्पाच्या मागे संयुक्त महाराष्ट्राचा मोठा नकाशा. आणि तोही रंगानं रंगवलेला नको. पोस्टाची वापरलेली तिकिटं चिकटवून केलेला हवा.

कल्पना होती मंडळाचा चिटणीस दत्ताराम याची. दादरला एका ऑफिसात कारकून होता तो. शर्टाच्या खिशाला पेन, जिभेवर साखर. आरास स्पर्धेत चाळीला पहिला नंबर मिळवून द्यायचाच, हे त्याच्या डोक्यात तीन वर्षं घोळत होतं.

तिकिटांना तोटा नव्हता. कोकणातून आलेल्या या घरांतली कितीतरी पोरं मोठ्या लढाईत पलटणीत गेली होती. कुणी मिसरात, कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात. त्यांची पाकिटं पत्र्याच्या डब्यांत घराघरांत पडून होती. डबे उघडले, तिकिटं निघाली. तांबडी, हिरवी, जांभळी. आणि सगळ्यांवर इंग्रजांचा राजा!

चाळीत नाना होते. संध्याकाळी मांडवात कीर्तन करायचे. गिरणीतून आले की अंघोळ, धोतर, कपाळी बुक्का, की नानांचे नानाबुवा होत. ते नकाशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "दत्ताराम, बाप्पाच्या पाठीमागे हा गोरा राजा बसवणार तू? आरती कुणाची करायची आम्ही, बाप्पाची की ह्याची?"

दत्ताराम गोंधळला. तेवढ्यात दगडू म्हणाला, "नाना, उलटा चिकटवूया की. करू दे बेट्याला शीर्षासन." दगडू गिरणीत सायझिंग खात्यात. सुताला कडकपणा यावा म्हणून तिथे पिठाची खळ लावतात, ती खळ तो डबाभर घेऊन आला होता. डिंकाला कोण पैसे घालणार? हसून हसून पोरं लोळली, पण ठरलं तसंच. ताणलेल्या मांजरपाटावर खळीचा हात फिरला आणि कोकणापासून विदर्भापर्यंत राजा डोक्यावर उभा राहिला.

राहिली होती ती मुंबई. तिथे काय लावायचं यावर खल चालू असताना सुंदराबाई आली.

सुंदराबाई गिरणीत वाइंडिंगला होती. बॉबिनी भरभरून बोटं चिवट झालेली, बोलणं कमी, पण एकदा बोलली की समोरचा आपली चूक कुठे झाली ते शोधायला लागे. तिचा घरवाला गुणाजी मागावर काम करायचा. लढाईत भरती झाला आणि ब्रह्मदेशात गेला. लढाई संपत आली तेव्हा रंगूनमध्ये होता. तिथे कुणी एक ब्रह्मी म्हातारा, पूर्वी पोस्टात चाकरीला असलेला, उपाशी बसलेला त्याला दिसला. गुणाजीनं आपल्या ताटातला भात त्याला दिला, आणि तिथे होता तोवर रोज देत राहिला. म्हाताऱ्याजवळ परत द्यायला काही नव्हतं. त्यानं सदऱ्याच्या आतून जपलेली, एकमेकांना जोडलेली चार तिकिटं काढून गुणाजीच्या हातावर ठेवली. जपान्यांच्या अमदानीत तिथल्या लोकांनी इंग्रजांच्या जुन्या तिकिटांवर काळ्या शाईनं मोर छापला होता, तीच ही. पिसारा पसरलेला मोर, बरोबर राजाच्या तोंडावर.

पलटणीतला रामदास रजेवर घरी येत होता, त्याच्याबरोबर गुणाजीनं ती पाठवली आणि तोंडी निरोप दिला: "सुंदराला सांग, जप. अस्सल आहेत. म्हाताऱ्याची गोष्ट मी आल्यावर सांगेन." त्याच्या तोंडून गोष्ट ऐकायची राहिलीच; रामदासनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं तेवढंच चाळीला कळलं. गुणाजी तापानं तिथल्याच इस्पितळात गेला. सुंदराबाईकडे नवऱ्याचा फोटो नव्हता, अस्थी नव्हत्या. होता तो तेवढा एक निरोप. अस्सल आहेत.

तिनं कुंकवाच्या रिकाम्या करंड्यातून ती तिकिटं काढून नानांच्या हातावर ठेवली. नाना बघतच राहिले. "अगो, ह्याच्यात राजा दिसतच नाही! मोर हा. बाप्पाच्या भावाचं वाहन. हा सरळ लागला पाहिजे."

"मुंबईत लावा," सुंदराबाई म्हणाली. "तो काही मुंबईक परत आला नाही. त्याची तिकिटं तरी लागू देत."

दगडूनं स्वतः बोट खळीत बुडवलं.

गणपती बसले आणि तिसऱ्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक आले. गिरगावचे त्र्यंबकराव. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात भिंग, कारण तिकिटं जमवण्यात त्यांचा हात धरणारा उभ्या गिरगावात नव्हता म्हणत. तिकिटांची आरास ऐकून मुद्दाम हीच चाळ मागून घेतली होती त्यांनी. नकाशा बघितला आणि पहिला शब्द निघाला तो, "अरेरे! खळ? तिकिटाला खळ लावलीत?"

पण माणूस बोलका. पोरं भोवती जमली तसे रंगले. तिकिटाची किंमत कशी करतात ते समजावून सांगू लागले. दात चारी बाजूंनी शाबूत हवेत, शिक्का फिकट हवा, रंग उडालेला नको, आणि कोरं तिकीट असेल तर मागचा मूळ डिंक जसाच्या तसा हवा. डिंक गेला की अर्धं मोल गेलं. दगडूनं विचारलं, "आणि राजा उलटा असला तर?"

"छापतानाच उलटा पडला असेल तर ते तिकीट सोन्याचं!" त्र्यंबकराव म्हणाले. "तुम्ही उलटा चिकटवलात, त्याचं मोल शून्य."

हशा पिकला. सुंदराबाईही हसली. असा गोड बोलणारा माणूस आहे, ह्याला आपला मोर आवडेल, असं तिला आपलं वाटलं.

त्र्यंबकराव कोकणातून वर सरकत मुंबईपाशी आले. भिंग काढलं. वाकले. वाकले ते वाकलेच. बराच वेळ झाला तसा दगडू हळूच म्हणाला, "म्हातारा झोपला काय रे?" मग त्र्यंबकराव ताठ झाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ही कुणाची?"

"माझी," सुंदराबाई पुढे आली. "माझ्या घरवाल्यानं रंगूनहून पाठवलेली."

"भारी आहेत का साहेब?" दत्तारामनं विचारलं.

त्र्यंबकरावांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नकली. लढाईनंतर असे खोटे मोर पोत्यानं छापले गेले. हौशी लोकांना गंडा घालायला. बाई, तुमच्या यजमानांना कुणीतरी फसवलं."

"त्यांनी सांगितलेलं, अस्सल आहेत."

"त्यांना काय कळणार हो त्यातलं?"

मागून दगडूच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे ब्रह्मी म्हाताऱ्यानं गुणादादाला टोपी घातली म्हणायची!" आणि लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, गर्दीत हसतात तसे हसले. पण सुंदराबाईच्या कानांत ते हसणं बसलं. तिला वाटलं, इतकी वर्षं मी काय जपलं? माझा माणूस काय शेवटी मूर्ख ठरला? स्वतःच्या ताटातला भात देऊन फसलेला मूर्ख? ती खोलीवर गेली आणि त्या संध्याकाळी कीर्तनालाही आली नाही. नानांच्या लक्षात आलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला पडदा बाजूला केला आणि बायकांनी आरडाओरडा केला. मुंबईच्या जागी भोक! तिकिटं सोलून काढलेली नव्हती. कापडच चौकोनी कापून नेलं होतं. भोकातून मागचा बांबू दिसत होता.

"मुंबई तोडली रे!" कुणीतरी ओरडलं आणि चाळ रिकामी झाली. कुणी म्हणे हे पोलिसांचं काम. कुणी म्हणे विरोधी पार्टीनं माणूस घातला. दगडू बाह्या सरसावून कुणाला मारायचं ते शोधत फिरत होता. तेवढ्यात दत्ताराम फाटकातून आत आला. इतक्या सकाळी इस्त्रीचे कपडे, हातात ट्रामचं तिकीट. गर्दी बघितली आणि पाय जागच्या जागी थांबले त्याचे.

"दत्ताराम," नाना म्हणाले, "कुठून येतोयस?"

दत्ताराम खोटं बोलण्यात कच्चा. दोन वेळा घसा साफ केला आणि म्हणाला, "गिरगावातून. काल जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले ते, एकदा नीट तपासायला पाहिजेत. घरी आणून द्या, दोन दिवसांत परत देतो. आता परीक्षकच म्हणतायत... नकलीच आहेत तर काय बिघडतं म्हटलं. आणि नंबर..."

"नंबरासाठी मुंबई दिलीस?" नाना म्हणाले.

"दिली नाही हो नाना, तपासायला—"

"कशानं कापलीस?" हे सुंदराबाईनं विचारलं. आवाज अगदी हळू.

"ब्लेडनं, वैनी."

"दाढीच्या?"

दत्तारामनं मान हलवली.

"इतके दिवस आम्ही म्हणतो मुंबई दिल्लीवाल्यांनी अडवून ठेवली," सुंदराबाई म्हणाली. "त्यांना कशाला शिव्या घालायच्या मेल्या? तू तर घरातूनच कापून पोचती केलीस. ती पण दाढीच्या ब्लेडनं, इस्त्रीचा शर्ट घालून."

दत्ताराम रडायच्या बेतात आला. पण तिनं त्याला रडू दिलं नाही. "आज पाळी सुटली की तू मला तिथे घेऊन जाणार. नाना, तुम्हीपण चला. मोठ्या माणसाच्या दारात एकट्या बाईचं कोण ऐकतो?"

दिवसभर ती वाइंडिंगला उभी होती, पण बोटंच तेवढी तिथे होती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: नकली म्हणून हसं केलं, मग नेली कशाला? खोटा रुपया कुणी घरी नेऊन पेटीत ठेवतो का?

संध्याकाळी ट्राममधून तिघं गिरगावात उतरली. त्र्यंबकरावांच्या घरी गौरी-गणपती होते. दारात रांगोळी, आत धुपाचा वास. दार उघडलं ते त्यांच्या पत्नीनं, राधाबाईंनी. लालबागहून गणपती मंडळाचे आलेत म्हटल्यावर "या, बसा" म्हणून आत घेतलं आणि प्रसादाची वाटी आणायला वळल्या.

त्र्यंबकराव खिडकीपाशी मेजावर होते. पुढ्यात उथळ बशी, बशीत पाणी. बाजूला टीपकागदावर चारी तिकिटं पालथी वाळत घातलेली. खळ पार धुऊन गेलेली. सुंदराबाईला ती पाठ अशी उघडी दिसली आणि कुणी आपल्या माणसाला परक्या घरात उघडं करून निजवलंय असं तिला झालं.

"दोन दिवस म्हटलं होतं ना मी," त्र्यंबकराव दत्तारामवर उखडले.

"काय निघालं तपासात?" सुंदराबाईनं विचारलं.

त्र्यंबकरावांनी टीपकागद आपल्याकडे ओढला. पण जाणकार माणसाची एक खोड असते. हाती खरी चीज आली की तिच्याबद्दल बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्यांनी चिमट्यानं ती चार तिकिटांची जोडणी अलगद उचलली, दिव्यासमोर धरली.

"हे बघा. कागदाच्या आत काही दिसतं?"

सुंदराबाई वाकली. ओलसर कागदाच्या पोटात फिकट रेघांनी काढावं तसं काहीतरी होतं. कान, कपाळ, सोंड.

"हत्तीचं डोकं," ती म्हणाली.

"बरोबर! ब्रह्मदेशाच्या तिकिटांच्या कागदात ती खूण असायची. छापलेली नाही, कागद बनवतानाच घातलेली. ती बघायला पाठ मोकळी करावी लागते, म्हणून भिजवली. पण नुसता कागद खरा असून भागत नाही. खऱ्या कागदावर खोटा मोर छापणारेच जास्त. म्हणून मी माझ्या संग्रहातल्या मोराशी पीस न् पीस ताडून पाहिलं. शाई कागदात कशी मुरली आहे ते पाहिलं." बोलता बोलता त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "चार एकत्र, न फाडलेली! मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय."

"म्हणजे अस्सल?"

"शंभर टक्के."

नानांनी डोळे मिटले. राजाच्या तोंडावर मोर आणि राजाच्या पोटात गजानन, असं काहीतरी पुटपुटले ते. पण सुंदराबाई हलली नाही.

"आणि हे काल तुम्हाला ठाऊक होतं?"

"शंका होती. दाट शंका."

"मग नकली का म्हणालात?"

त्र्यंबकरावांनी तिकिटं खाली ठेवली. "बाई, व्यवहाराची गोष्ट सांगतो. तुम्हाला योग्य ते पैसे देतो, अगदी आजच. तुमच्याकडे राहून ह्यांचं काय होणार? खळ लावलीत तुम्ही! मागचा डिंक गेला, अर्धी किंमत तिथेच गेली. उद्या कुणी पोर फाडेल, उंदीर खाईल. माझ्याकडे शंभर वर्षं राहतील. मी वाचवतोय त्यांना."

"असंच म्हणतात मुंबईबद्दल," नाना म्हणाले. "तुम्हाला सांभाळता येणार नाही म्हणतात."

"मी पैशांचं विचारलं नाही," सुंदराबाई म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "मी विचारते, नकली का म्हणालात? बाप्पाच्या समोर उभं राहून? हौस होती तर मागायची होती. बाई, ह्या तिकिटांवर माझा जीव जडलाय, असं म्हणायचं होतं. मी काय वाघीण होते? तुम्ही माझ्या मेलेल्या माणसाला खोटा पाडलात! मला सांगून गेला तो, अस्सल आहेत. शेवटचं बोलणं त्याचं. ते सगळ्या चाळीसमोर तुम्ही पायाखाली घातलंत. लोक हसले त्याला. ज्यानं उपाशी माणसाला ताटातलं दिलं त्याला! आणि तुम्ही भिंग पुसत होता!"

आत भांडं वाजलं. राधाबाई प्रसादाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

त्र्यंबकरावांनी घाम पुसला. "बरं बाई, चुकलं. घेऊन जा तुमची तिकिटं." त्यांनी टीपकागद पुढे सरकवला. "विषय संपला."

दत्तारामनं हात पुढे केला. सुंदराबाईनं तो हात खाली केला.

"नको," ती म्हणाली. "इथेच राहू देत. नकली म्हणालात ते मांडवात, आणि अस्सल म्हणता ते चार भिंतींत? तसं नाही चालायचं. मांडवात या, तिथेच बोला, आणि तिथेच परत द्या. तोवर तुमच्या मेजावर राहू देत. जेवताना दिसतील तुम्हाला."

आणि प्रसाद तेवढा पदरात घेऊन ती बाहेर पडली. प्रसादावर राग धरायचा नसतो.

चाळीत आल्यावर दत्ताराम म्हणाला, मुंबईच्या जागी निदान तांबडा कागद तरी लावूया, इतकं विद्रूप दिसतंय. सुंदराबाई म्हणाली, "हात लावशील तर बघ." भोक तसंच राहिलं. आणि काय सांगू, त्या भोकानं जे केलं ते अख्ख्या नकाशानं केलं नव्हतं! आरास बघायला लोक यायचे, तिकिटांचं कौतुक करायचे, आणि नजर भोकावर गेली की गप्प व्हायचे. परळहून लोक आले, शिवडीहून गोदीतले हमाल आले. नाना रोज कीर्तनात मध्येच टाळ थांबवायचे आणि विचारायचे, "मुंबई कुठाय?" मांडवातून असा काही आवाज उठायचा की समया थरथरायच्या. त्र्यंबकरावांचं नाव नाना घेत नसत. तशी सुंदराबाईचीच ताकीद होती. म्हणायची, "त्यांनी आपल्या तोंडानं सांगायचं आहे. आपण सांगितलं तर ती चहाडी झाली."

दगडू रोज तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायचा. एकदा धीर करून म्हणाला, "वैनी, टोपीचं ते मी असंच बोललो गो."

"ठाऊक आहे मला. पण बोललास ना?"

गेला बिचारा.

गिरगावात काय चाललं होतं ते मागाहून कळलं. राधाबाईंनी नवऱ्याशी भांडण केलं नाही. त्यांनी तो टीपकागद उचलून घरच्या गौरीपुढे ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "आता इथे उभं राहून म्हणा, नकली." त्र्यंबकरावांना ते म्हणवेना. विसर्जनाला गौरी उठल्या तेव्हा टीपकागद त्यांनी परत मेजावर आणून ठेवला, आणि जेवायच्या वेळी पान त्याच मेजावर वाढू लागल्या.

अनंत चतुर्दशी उजाडली. दुपारी लेझीम जुळत होती, ट्रक सजत होता, शेवटच्या आरतीला चाळ आणि चाळीबाहेरचे मिळून पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा फाटकाशी घोडागाडी थांबली. आधी राधाबाई उतरल्या, मग त्र्यंबकराव. टोपी हातात होती. गर्दीनं वाट दिली.

ते बाप्पासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ती तिकिटं... अस्सल आहेत."

पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल नसेल.

"मोठ्यानं," सुंदराबाई म्हणाली. "त्या दिवशी मोठ्यानं बोलला होतात."

त्र्यंबकरावांनी बायकोकडे पाहिलं. तिथेही माफी नव्हती. मग त्यांनी श्वास घेतला आणि जिन्यातल्या पोरांपर्यंत जाईल असा आवाज काढला: "या बाईंच्या यजमानांनी पाठवलेली तिकिटं अस्सल आहेत! त्यांना कुणी फसवलं नव्हतं. मला ती हवी होती, म्हणून मी खोटं बोललो. गुणाजीराव खरे होते!"

मग दगडूच पहिल्यांदा ओरडला, "गुणादादा की जय!" आणि ताशा वाजला.

सुंदराबाईनं डोळ्यांना पदर लावला नाही. काम बाकी होतं. शेवटचा दिवस, आज ते येणारच या भरवशावर भोकामागे तिनं सकाळीच मांजरपाटाचा तुकडा शिवून ठेवला होता. त्र्यंबकरावांनी पाकिटातून चारी तिकिटं काढली आणि त्यांबरोबर पातळ कागदाच्या चिंचोळ्या पट्ट्या. "बाई, एक विनंती. आता तरी खळ नको. ही आमची पट्टी असते, तिकीट वहीत लावायची. तिकिटाला इजा होत नाही. दोन बोटांनी अलगद निघतं."

"निघतं?"

"हो ना. निघावं म्हणूनच असते ती."

सुंदराबाईनं ती पट्टी बोटावर घेतली, फुंकर मारली. पट्टी उडाली.

"दगडू, खळ आण."

"अहो बाई!" त्र्यंबकरावांचा जीव कळवळला. खरंच कळवळला; त्यात सोंग नव्हतं. "एकदा भिजून निघालीत ती. आता पुन्हा खळ लागली की संपलं. पुन्हा भिजवली तर कागद विरेल, मोर फिका पडेल. बाजारात कुणी फुकटसुद्धा घेणार नाही!"

"मग झालं तर," सुंदराबाई म्हणाली. "कुणी नेणार पण नाही. लावा. तुमच्याच हातानं लावा."

लोकहो, दगडूनं डबा पुढे धरला. त्र्यंबकरावांनी बोट बुडवलं, डोळे मिटले, उघडले, आणि ज्या पाठीत हत्तीचं डोकं त्यांनी दिव्यासमोर पाहिलं होतं, त्या पाठीवर गिरणीची खळ फासली. मोर सरळ ठेवला. मुंबईत ठेवला. तळव्यानं दाबून धरला, आणि सुंदराबाई "पुरे" म्हणेपर्यंत हात काढला नाही.

पहिला नंबर त्या वर्षी दुसऱ्याच चाळीला मिळाला. दत्तारामनं तो विषय पुन्हा काढला नाही.

आता उठण्याआधी एक मागणं आहे. नमस्कारासाठी हात जोडाल तेव्हा आपापल्या माणसांसाठी मागून झालं, की एका माणसाचं नाव हळूच घ्या. रंगूनच्या इस्पितळात ज्याच्या उशाशी घरचं कुणी नव्हतं, आणि ज्यानं आपल्या ताटातला भात परक्या म्हाताऱ्याला वाढला, त्या लालबागच्या गुणाजीची आठवण ठेवा.